इंग्रजीच्या ऑनलाइन तासात विद्यार्थी गप्प का बसतात आणि यंत्रावर नेमके काय सोपवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांचा एक वर्ग आहे आणि त्यांची पातळी भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय चौकटीनुसार (सीईएफआर) साधारण ए२ ते बी१, म्हणजे प्राथमिक ते मध्यम आहे. निम्मे तास प्रत्यक्ष वर्गात होतात आणि निम्मे व्हिडिओ कॉलवर. विद्यार्थी फोनवरच्या अ‍ॅपवर नियमित सराव करतात आणि व्याकरणाच्या ऑनलाइन चाचण्यांत चांगले गुण मिळवतात, परंतु ऑनलाइन तासात बोलायची वेळ आली की बहुतेक जण गप्प बसतात आणि दोन-तीन ठरावीक विद्यार्थीच उत्तरे देतात. शिक्षिकेला विचारायचे आहे की आणखी कोणती साधने घ्यावीत, ऑनलाइन तासाची आखणी कशी करावी, आणि विद्यार्थी एआयशी बोलूनच शिकू लागले तर शिक्षकाने काय करायचे.

साधनांच्या नावांपासून सुरुवात केली तर हे उत्तर लवकरच शिळे होईल, म्हणून आधी मी ज्या कसोटीवर असे निर्णय घेतो ती सांगतो. विद्यार्थ्याला कोणतेही काम देताना मी इतकेच पाहतो की त्या कामासाठी त्या क्षणी समोर दुसरे माणूस असण्याची खरोखर गरज आहे का. गरज नसेल तर ते काम तासाबाहेर, यंत्राच्या मदतीने व्हावे. गरज असेल तर तासातला बहुतेक वेळ त्यालाच मिळावा. तुमच्या वर्णनावरून असे दिसते की ऑनलाइन तासात नियम समजावणे, स्लाइड दाखवणे, गाळलेल्या जागा भरून घेणे आणि उत्तरे तपासणे ही कामे चालतात, म्हणजे ज्यांना श्रोत्याची गरज नाही अशीच कामे तासात येऊन बसली आहेत. बोलणे मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, सगळ्यांसमोर, एकेकाला हाक मारून होते. अशा मांडणीत गप्प बसणे हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे.

अ‍ॅपवर चांगले गुण मिळवणारा माणूस बोलताना का अडतो, याचे उत्तर नवीन नाही. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत इंग्रजीभाषक मुले कित्येक वर्षे फ्रेंच ऐकत आणि वाचत होती. त्यांचे आकलन फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोहोचले, पण बोलण्यालिहिण्यातील व्याकरण मागेच राहिले. भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरून असा मुद्दा मांडला की समजून घेणे आणि स्वतः वाक्य उभारणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. ऐकताना संदर्भाच्या आधाराने अर्थ लागतो, तेथे क्रियापदाचे रूप नीट कळले नाही तरी चालून जाते. बोलताना मात्र प्रत्येक रूप स्वतः निवडावे लागते आणि आपल्याला काय येत नाही हे तेव्हाच कळते. चार पर्यायांतून एक निवडण्याचा किंवा दिलेले शब्द जुळवून वाक्य करण्याचा सराव हा बहुतांशी ओळखण्याचा सराव आहे. तो वाया जात नाही, परंतु त्यातून बोलणे आपोआप येईल ही अपेक्षा चुकीची आहे.

यंत्रासमोर केलेल्या सरावाची ही मर्यादा जुनी आहे. सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने परकीय भाषांच्या अध्यापनासाठी मोठा निधी मिळाला आणि शाळा-महाविद्यालयांत लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या: ओळीने मांडलेले छोटे बंदिस्त कप्पे, हेडफोन, टेप, आणि टेपवरचे वाक्य ऐकून त्याच साच्यातले दुसरे वाक्य म्हणणे. उपकरण उत्तम होते, आवाज स्वच्छ होता; पण विद्यार्थी जे म्हणत होता ते कोणाला समजून घ्यायचे नव्हते. आजचे अ‍ॅप त्या टेपपेक्षा कितीतरी हुशार असले तरी त्याच्याशी बोलताना ही उणीव पुष्कळशी तशीच राहते.

आता यंत्रावर काय निर्धास्तपणे सोपवावे ते पाहू. पहिला क्रमांक शब्दसंपत्तीचा. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ मधील गणनेनुसार लिखित इंग्रजीतील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत यासाठी सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात आणि बोललेल्या इंग्रजीसाठी सहा ते सात हजार. एक शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे. हा पल्ला तासात बसून गाठणे अशक्य आहे. मात्र सर्वाधिक वापरली जाणारी पहिली दोन हजार कुळे सर्वसाधारण मजकुराचा सुमारे चार-पंचमांश भाग व्यापतात, म्हणून बी१ पर्यंतच्या विद्यार्थ्याने आधी ती पक्की करावीत आणि हे काम अंतर ठेवून उजळणी करणाऱ्या फ्लॅशकार्डच्या (पुढे प्रश्न, मागे उत्तर असलेल्या कार्डांच्या) अ‍ॅपवर सोपवावे. विस्मरणाचा आलेख मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडला. आठवत असलेल्या गोष्टीची उजळणी लांबवत नेण्याचे गणित संगणकावर सुपरमेमो या सॉफ्टवेअरच्या रूपाने १९८७ मध्ये आले आणि अंकी हे मोफत साधन २००६ पासून तेच काम करते. कोणता शब्द कोणत्या दिवशी पुन्हा दाखवायचा, हे वीस जणांसाठी वेगवेगळे लक्षात ठेवणे कोणत्याही शिक्षकाला जमणार नाही.

पण कार्ड कोण तयार करतो यावर बरेच काही अवलंबून असते. दुसऱ्याने तयार केलेली हजारो शब्दांची यादी उतरवून घेणारे विद्यार्थी थोड्याच काळात कंटाळतात, कारण त्या शब्दांशी त्यांची कोठे भेटच झालेली नसते. मी आठवड्याला पंधरा-वीस कार्डांची मर्यादा घालतो आणि प्रत्येक कार्डावर सुटा शब्द न घालता तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, शब्दाची जागा रिकामी ठेवून, घालायला सांगतो. मातृभाषेतील अर्थ कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिण्यास माझा आक्षेप नाही. प्रारंभिक टप्प्यात तो अर्थ इंग्रजी व्याख्येपेक्षा लवकर आणि अचूक पोहोचतो. सलग दिवसांचा आकडा दाखवणाऱ्या खेळवजा अ‍ॅपबद्दलही माझे मत फार कडक नाही. सवय लावण्यासाठी ते चांगले आहे, फक्त तो आकडा म्हणजे प्रगती नव्हे हे विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सांगून टाकावे.

दुसरे काम श्रवणाचे. वर्गात एकच ध्वनिफीत सर्वांना एकाच वेगाने ऐकवणे हा तासाचा सर्वांत वाईट उपयोग आहे, कारण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी अडतो. तेच ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याकडे असेल तर तो हवे तेथे थांबतो, मागे जातो, वेग कमी करतो. येथे एक क्रम पाळायला सांगावा: आधी उपशीर्षकांशिवाय एकदा, मग इंग्रजी उपशीर्षकांसह, आणि शेवटी पुन्हा उपशीर्षकांशिवाय. मातृभाषेतील उपशीर्षके गोष्ट समजण्यासाठी ठीक असतात, पण ती वाचताना कान जवळजवळ मिटतात. इंग्रजी उपशीर्षकांचा खरा फायदा असा की बोलण्याच्या ओघात शब्द एकमेकांना कसे चिकटतात ते दिसते. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे कानाला ‘वॉचा गना डू’ असे येते. ऐकलेला आवाज आणि लिहिलेले शब्द यांची ही सांगड एकदा डोळ्यांना दिसली की पुढच्या वेळी कान ती स्वतः घालू लागतो.

तिसरे काम व्याकरणाच्या वापराचे, आणि येथे एका साधनाचा वापर फारच कमी होतो असे मला वाटते, म्हणून थोडा विस्तार करतो. ते साधन म्हणजे कॉर्पस. प्रत्यक्ष लिहिल्या-बोलल्या गेलेल्या इंग्रजीचा हा प्रचंड साठा असतो: १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्द आहेत आणि २००८ पासून ऑनलाइन उपलब्ध असलेल्या समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कॉर्पसमध्ये शंभर कोटींहून अधिक. शब्द शोधला की तो प्रत्येक ओळीच्या मधोमध ठेवून त्याच्या डावी-उजवीकडचे शब्द दाखवले जातात. बर्मिंगहॅम विद्यापीठातील टिम जॉन्स यांनी अशा ओळी थेट विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची पद्धत रूढ केली.

‘सजेस्ट’ हे क्रियापद घ्या. अनेक भाषांचे विद्यार्थी ‘ही सजेस्टेड मी टू गो’ असे लिहितात आणि कितीही वेळा लाल शाईने खोडले तरी तेच लिहितात. त्यांना या क्रियापदाच्या पंचवीस-तीस ओळी द्या आणि एवढेच विचारा की उजवीकडे लगेच काय येते. जोडीत पाहताना त्यांच्या लक्षात येते की ‘सजेस्ट दॅट’ पुन्हा पुन्हा येते, ‘सजेस्टेड गोइंग’ अशी रूपे येतात, नुसते नामही येते, पण ‘सजेस्ट मी टू’ कोठेच सापडत नाही. मग डावीकडे पाहायला सांगा. तेथे माणसांपेक्षा ‘रिझल्ट्स’, ‘एव्हिडन्स’, ‘स्टडीज’ असे कर्ते अधिक दिसू लागतात, विशेषतः शैक्षणिक लेखनात, आणि वर्गाला उमगते की हे क्रियापद ‘सुचवणे’ एवढ्यापुरते नाही, एखाद्या गोष्टीवरून अनुमान निघणे यासाठीही ते सर्रास वापरले जाते. हा शोध विद्यार्थ्याने स्वतः लावलेला असतो. ए२ च्या विद्यार्थ्याला थेट कॉर्पससमोर बसवू नये, कारण अनोळखी शब्दांनी भरलेल्या तुटक ओळी पाहून तो गांगरतो. शिक्षकाने सोप्या ओळी निवडून एका पानावर द्याव्यात. बी१ च्या पुढचे विद्यार्थी थोड्या सरावानंतर स्वतः शोधू शकतात.

वाचनाबद्दल एकच सांगतो: पातळीनुसार सोपी केलेली पुस्तके भरपूर, विद्यार्थ्याच्या आवडीची, आणि वाचून झाल्यावर प्रश्नावली नाही.

उच्चाराचे गुण देणाऱ्या अ‍ॅपबद्दल सावध राहावे. अशी साधने दोन प्रकारे काम करतात आणि दोन्हींत फसगत होऊ शकते. जेथे कोणतेही वाक्य बोलता येते तेथे यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. ‘द शिप लेफ्ट द हार्बर’ म्हणताना विद्यार्थ्याने ‘शीप’ म्हटले तरी पडद्यावर बहुधा ‘शिप’च उमटेल, कारण बंदराच्या संदर्भात मेंढी संभवत नाही. उलट जेथे ठरलेले वाक्य वाचायचे असते तेथे यंत्र प्रत्येक ध्वनी एका ठरावीक नमुन्याशी ताडून पाहते आणि परकीय वळण असलेला, पण कोणालाही सहज समजेल असा उच्चार लाल रंगाने दाखवते. ट्रेसी डर्विंग आणि मरे मन्रो या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ऐकणाऱ्याला जाणवणारी परकीय छटा आणि प्रत्यक्ष समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. छटा ठळक असूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते. म्हणून यंत्राच्या टक्केवारीपेक्षा, समोरच्या माणसाला ‘पार्डन’ (पुन्हा सांगता का) म्हणावे लागले का, ही खूण मी अधिक मोलाची मानतो. स्वरांची लांबी आणि वाक्यातील मुख्य आघात यांच्या चुकांनी गैरसमज होतात, तेव्हा त्यांवर वेळ घालवावा. ‘थ’सदृश इंग्रजी ध्वनी अचूक निघावा म्हणून महिने खर्च करू नयेत.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या शांततेकडे. ही शांतता सगळी लाजेची नसते, तिच्यात तंत्राचाही वाटा असतो. दहा भाषांतील संभाषणांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील सरासरी अंतर साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे एक-पंचमांश सेकंद इतकेच आढळले. व्हिडिओ कॉलवर आवाज पोहोचायलाच काही वेळा तेवढा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. परिणाम असा होतो की दोघे एकदम सुरू करतात, दोघे थांबतात, पुन्हा एकदम सुरू करतात. त्यातच बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकाच मोठ्या आवाजाला वाट देते, त्यामुळे बोलणाऱ्याला एरवी आधार देणारे ‘हं’, ‘अच्छा’ यांसारखे हुंकार पोहोचतच नाहीत आणि आपण भिंतीशी बोलत आहोत असे त्याला वाटते. मातृभाषेत हे निभावून नेता येते. जो मनातल्या मनात पुढचे वाक्य जुळवत आहे, त्याला तेवढी उसंतही उरत नाही.

त्यामुळे वीस जणांच्या मुख्य पडद्यावर चर्चा घडवण्याचा प्रयत्न सोडून द्या. तेथे फक्त सूचना आणि शेवटचा आढावा ठेवा, आणि तासाचा निम्म्याहून अधिक वेळ दोघा-तिघांच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच कॉलमधल्या वेगळ्या छोट्या खोल्यांत, जाऊ द्या. ब्रेकआउट रूम वापरून पाहिल्या पण विद्यार्थी तेथेही मातृभाषेत बोलतात किंवा गप्प बसतात, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. खोलीत जाऊन ‘प्रवासाबद्दल चर्चा करा’ एवढेच सांगितले असेल तर तसे होणारच, कारण तेथे एकाने दुसऱ्याकडून काढून घेण्यासारखे काहीच नसते.

काम असे द्यावे की दोघांकडे वेगवेगळी माहिती असेल आणि ती एकत्र केल्याशिवाय निर्णय होणार नाही. उदाहरण म्हणून मी वारंवार वापरतो ते एक काम सांगतो. दोघांना एका आठवड्याची दोन वेगवेगळी वेळापत्रके खासगी संदेशाने तास सुरू होण्यापूर्वी पाठवायची. प्रत्येकाच्या पत्रकात काही भेटी हलवता येण्याजोग्या आणि काही न हलणाऱ्या असतात. दोघांनी मिळून दीड तासाची बैठक ठरवायची. पण पत्रके अशी केलेली असतात की दोघांचाही मोकळा असा वेळ एकही नसतो, कोणाला तरी आपली एखादी भेट पुढे ढकलावीच लागते. पाच मिनिटांनी एकाला संदेश जातो की बुधवारची त्याची भेट रद्द झाली आहे. आता बोलणे अपरिहार्य होते: विचारणे, नकार देणे, कारण सांगणे, घासाघीस करणे, ‘तू मंगळवार म्हणालास की गुरुवार’ असे पुन्हा विचारणे. ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्सडे’ यांची येथे जी गल्लत होते, ती कोणत्याही उच्चारतक्त्यापेक्षा अधिक शिकवून जाते. पडदा शेअर करण्यास मात्र सक्त मनाई. पडदा शेअर झाला की दोघे बोटाने दाखवू लागतात आणि काम दोन मिनिटांत संपते.

अशा कामाची व्यवस्थाही जमवावी लागते. सूचना तोंडी देऊन भागत नाही, कारण खोलीत गेल्यावर त्या विसरल्या जातात आणि मुख्य पडद्यावरच्या चॅटमध्ये लिहिलेल्या सूचना खोलीतून दिसतीलच असे नाही. म्हणून सामायिक दस्तऐवजात वर सूचना आणि खाली प्रत्येक खोलीसाठी एक रकाना ठेवावा. जोडीने ठरवलेला निर्णय आणि त्याचे कारण तेथे दोन वाक्यांत लिहायचे. याचा दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शिक्षक खोलीत शिरला की संभाषण थांबते आणि दोघेही शिक्षकाशी बोलू लागतात. दस्तऐवज उघडा असेल तर कोणती खोली पुढे सरकली आहे आणि कोणती अडली आहे हे बाहेरूनच दिसते आणि गरज असेल तेथेच जाता येते. गेल्यावर कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवून मिनिटभर ऐकावे आणि जमलेल्या चुका व चांगले प्रयोग टिपून घ्यावेत.

टिपलेल्या चुकांचे काय करायचे, हेही ठरवून ठेवावे. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये वर्गातील दुरुस्त्यांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य फक्त दुरुस्त रूपात पुन्हा उच्चारतात आणि पुढे जातात असे दिसले. विद्यार्थ्याने त्याची दखल घेण्याचे प्रमाण मात्र इतर पद्धतींपेक्षा कमी होते. तुटक आवाजाच्या ऑनलाइन तासात तर अशी दुरुस्ती ‘हो, बरोबर’ अशीच ऐकू येते. म्हणून बोलणे चालू असताना मी चॅटमध्ये चुकीचा तुकडा जसाच्या तसा, प्रश्नचिन्ह लावून लिहितो आणि दुरुस्ती बोलणाऱ्यावर सोपवतो. बोलण्यात खंड पडत नाही, आणि तासानंतर चॅटची प्रत हाच पुढच्या आठवड्याचा गृहपाठ होतो.

बोलण्याची पाळी कशी द्यावी-घ्यावी, हेही ऑनलाइन तासात स्वतंत्रपणे शिकवावे लागते: वाक्याच्या शेवटी समोरच्याचे नाव घेऊन प्रश्न विचारणे, एकदम बोलले गेल्यास ‘सॉरी, गो अहेड’ म्हणून थांबणे, समजले नाही तर कोणता भाग समजला नाही ते सांगणे. युरोपीय चौकटीच्या २०२० मधील पूरक खंडात ऑनलाइन संभाषण आणि ऑनलाइन सहकार्य यांसाठी वेगळ्या पातळ्या दिल्या आहेत, आणि त्या योग्यच आहेत, कारण आज अनेकांचे इंग्रजी प्रत्यक्ष भेटीपेक्षा कॉलवरच अधिक वापरले जाते.

कॅमेऱ्याची सक्ती मी मुख्य पडद्यावर करत नाही, जोडीच्या खोलीत मात्र आग्रह धरतो. नेट मंद असेल तर आवाज आधी, चित्र नंतर. विद्यार्थ्यांच्या आवाजाचे मुद्रण करायचे असेल तर त्यांची परवानगी घ्यावी आणि ते किती काळ ठेवणार हे सांगावे.

दोन तासांच्या मधल्या दिवसांत व्हॉइस मेसेज फार उपयोगी पडतो. नेशन यांनी अभ्यासलेली एक जुनी वर्गपद्धत आहे: एकाच विषयावर आधी चार मिनिटे, मग दुसऱ्या श्रोत्यासमोर तेच तीन मिनिटांत, मग तिसऱ्यासमोर दोन मिनिटांत बोलायचे. आशय तोच असल्यामुळे लक्ष भाषेच्या ओघाकडे जाते आणि अडखळणे कमी होते. हे तीन वेगळ्या सोबत्यांना तीन संदेश पाठवून सहज करता येते. काही जण लिहून काढून वाचतात. ते सुरावरून लगेच कळते. त्यावर उपाय म्हणजे पाच सुटे शब्द लिहिण्याचीच मुभा देणे आणि ऐकणाऱ्या सोबत्याने उत्तरादाखल एक प्रश्न पाठवावा अशी अट घालणे, जेणेकरून वाचणाऱ्यालाही पुढचे उत्तर उत्स्फूर्त द्यावे लागेल.

एआयचा प्रश्न आता या कसोटीवर लावता येतो. संकोची विद्यार्थ्यासाठी तो उत्तम तालीम-सोबती आहे, कारण तो कंटाळत नाही आणि हसत नाही. परंतु त्याचा मोठा दोष हा की तो फार समजूतदार आहे. मोडक्या वाक्याचा अर्थ तो बिनचूक लावतो आणि सफाईदार उत्तर देतो. ‘तुम्हाला नक्की काय म्हणायचे आहे’ असे म्हणून तो क्वचितच अडतो. माणसांच्या बोलण्यात असे अडणे आणि त्यातून वाक्य पुन्हा बांधणे यातच भाषा सुधारते. हा दोष पूर्ण जात नाही, पण कमी करता येतो. संभाषणाच्या सुरुवातीलाच त्याला सांगावे की बी१ पातळीच्या शब्दांतच बोल, एका वेळी दोनच वाक्ये बोल, माझे वाक्य दोन प्रकारे समजू शकत असेल तर विचार, आणि चुका मध्येच दुरुस्त न करता शेवटी तीनच सांग. मी ही सूचना विद्यार्थ्यांना तयार करून देतो. तासात ज्या भूमिकेने बोलायचे आहे तिची तालीम त्याच्याशी करून यावी आणि खरे काम माणसाबरोबर व्हावे.

लेखनात अडचण वेगळी आहे. ‘हे दुरुस्त कर’ म्हटले की यंत्र पूर्ण परिच्छेद नव्याने लिहून देते, आणि विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचे नसलेले नीटनेटके पान येते. त्याऐवजी केवळ एका प्रकारच्या चुका, म्हणजे समजा फक्त उपपदांच्या (a, an, the), कोणत्या ओळीत आहेत ते दाखवायला सांगावे. दुरुस्ती विद्यार्थ्याने करायची. बी१ च्या वरच्या विद्यार्थ्यांना मी उलटेही करायला सांगतो: आधी स्वतः लिहा, मग यंत्राकडून तेच लिहून घ्या, आणि दोन्हींतले तीन फरक निवडून प्रत्येक फरक स्वीकारायचा की नाकारायचा ते कारणासह सांगा. नाकारण्याची कारणे पुष्कळदा चोख असतात, कारण यंत्र साध्या पत्रालाही कार्यालयीन थाट देते.

विद्यार्थ्याने एआयकडून लिहून आणले आहे का, हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात ओळख-साधनांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील ९१ निबंध दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. ही साधने मर्यादित शब्दसंग्रह आणि अपेक्षित वाक्यरचना यांनाच यंत्राची खूण मानत होती, आणि तुमच्या वर्गातील प्रामाणिक विद्यार्थी नेमके तसेच लिहितात. पहिले दहा मिनिटांचे लेखन तासात करून घ्यावे, पुढचे घरी, आणि शेवटी त्या लेखनावर दोन तोंडी प्रश्न विचारावेत.

तर मग सगळेच यंत्रावर का नाही? केवळ स्वतःच्या गतीने चालणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभव पाहा. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२-१३ मध्ये खुले केलेल्या पहिल्या १७ अभ्यासक्रमांत आठ लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्रापर्यंत सुमारे ५ टक्के पोहोचल्या. त्यांतील अनेक जण केवळ डोकावण्यासाठी आले होते हे खरे, पण आपली कोणी वाट पाहत नसेल तर अभ्यास सुटतो हेही खरे. गुरुवारी जोडीदार माझ्या वेळापत्रकाची वाट पाहणार आहे, ही जाणीव कोणत्याही सूचना-संदेशापेक्षा अधिक काम करते.

नवीन साधन विकत घेण्यापूर्वी मी दोनच गोष्टी पाहतो: विद्यार्थ्याने त्यात तयार केलेले काम बाहेर काढता येते का, आणि ते बंद पडले तर त्याच आठवड्यात दुसऱ्या साधनावर तेच काम करता येईल का. फ्लॅशकार्ड, सामायिक दस्तऐवज, व्हॉइस मेसेज, व्हिडिओ कॉल आणि एक कॉर्पस एवढ्यावर तुमचा अभ्यासक्रम चालू शकतो. यांपैकी बहुतेक तुमच्याकडे आहेतच.

बदल लागू करण्याआधी प्रत्येक जोडीला वेळापत्रकासारखे एक काम देऊन त्याचे मुद्रण करून ठेवा आणि तीन महिन्यांनी त्याच धाटणीचे, वेगळ्या माहितीचे काम पुन्हा मुद्रित करा. व्याकरणाच्या चाचणीचे गुण बाजूला ठेवून दोन्ही मुद्रणांत चार गोष्टी मोजा: प्रत्येकाने मिनिटाला किती शब्द उच्चारले, दोन सेकंदांहून लांब किती थांबे घेतले, समोरच्याचे न समजल्यावर किती वेळा विचारले, आणि स्वतःचे वाक्य किती वेळा सुधारून पुन्हा म्हटले. शेवटचे दोन आकडे पहिल्या काही आठवड्यांत वाढले तर घाबरू नका. गप्प बसणारे विद्यार्थी बोलू लागले की आधी तेच वाढतात.